सोडून गेलेल्या मुलीचा नंबर

हार्लन क्रीक, मिनेसोटा
९ सप्टेंबर २०१८

ती. मार्लिसआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर अंडी करपताहेत असं सांगून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. डेट्रॉइटला डाकेची बोट तुमच्या जहाजाला लागली आणि वर बादली ओढली की त्यात मी असेन. बावीस खलाशांचा स्वयंपाक जरा बाजूला ठेव आणि आधी हे वाच. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे, आणि घरात अक्कल शिकवणारे फार झालेत.

मला दोन कॉलेजांनी मागणी घातली आहे. पळण्यासाठी! एक ब्रॅन्सफर्ड, म्हणजे तुझंच. तिथल्या कोच रोंडा केसलर. दुसरं लेक कॅल्डर, जे नकाशावर शोधायला बाबांना चष्मा लागला. तिथले कोच वॉल्टर प्रिबिल. त्यांचं पत्र शाईच्या पेनाने लिहिलेलं होतं आणि त्यात माझ्या शर्यतींबद्दल एक अक्षर नव्हतं. मी रोज किती तास झोपते, असं विचारलं होतं. आई म्हणाली की माणूस बरा दिसतो. बाबा म्हणाले की म्हातारा गाद्या विकतो की काय.

बाबांचं तर विचारूच नकोस. केसलरबाई दर रविवारी चर्च सुटल्यावर बरोबर साडेबाराला फोन करतात. मला नाही, बाबांना! आधी बर्फ उडवायच्या मशिनींचा धंदा कसा चाललाय ते विचारतात, मग यंदा हरणं किती दिसली ते, आणि शेवटची दोन मिनिटं माझ्यासाठी. बाबा रविवारी दाढी करून फोनशेजारी बसतात. आईने परवा विचारलं की साखरपुडा कधी करायचा, तर ताट घेऊन दुकानात जाऊन बसले.

१४ नोव्हेंबरला सही करायची. पुढची चार वर्षं आपले पाय कोणाच्या ताब्यात द्यायचे, ते तोवर ठरवायचंय. तू ब्रॅन्सफर्डला दोनेक वर्षं पळलीस एवढंच मला माहीत आहे, कारण तो विषय निघाला की बाबांना एकदम मीठ हवं असतं. कोच चांगला की वाईट, हे ओळखायचं कसं? मला खरंच भीती वाटतेय गं.

लोभ आहे हे मला ठाऊक आहे. तो या वेळी चार ओळींपेक्षा मोठा असावा.
तुझी
टोवा


जहाज 'एलिनॉर ब्रँट', लेक ह्यूरन
१६ सप्टेंबर

चि. टोवा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि मोठ्यांच्या अकलेवर बोलल्याबद्दल पाठीत एक धपाटा.

तुझं पत्र बादलीतून सुखरूप आलं. त्याच बादलीत मुख्य इंजिनियरच्या बायकोने पाठवलेला केक होता, तो तेवढा सुखरूप नव्हता. तरी त्याने चमच्याने खाल्ला आणि डोळे पुसले. अशी माणसं आहेत इथे.

रोंडा केसलर आणि मी दोन वर्षं एका खोलीत राहिलो. तिच्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. बोलले तर तुझे बाबा म्हणतील की मार्लिसचं पोट दुखतंय. तू स्वतः जा, स्वतः बघ.

फक्त भाषणं ऐकू नकोस. भाषणं सगळ्यांचीच झकास असतात. आमच्या कप्तानाचंही झकास असतं, आणि त्याने जुलैत जहाज वाळूत नेऊन बसवलं. त्यापेक्षा मुलींचं जेवण बघ. ताटात काय आहे ते बघ, आणि कोच आत आली की हातातले काटे खाली जातात का तेही बघ. संघाचे जुने फोटो भिंतीवर असतीलच. पहिल्या वर्षाच्या मुली मोज, आणि त्यातल्या चौथ्या वर्षी किती उरल्या ते मोज. पळण्याचं वेड लागलेली मुलगी उगाच पळणं सोडत नाही, हे तुला मी सांगायला नको.

आणि एक गोष्ट न चुकता कर. दोघांनाही सांग की तुमचा संघ अर्धवट सोडून गेलेल्या एखाद्या मुलीचा फोन नंबर द्या. ज्या आहेत त्या चांगलंच सांगणार, बिचाऱ्यांना उद्या तिथेच पळायचंय. मीही नवं जहाज धरते तेव्हा त्यावरून आधी कोण पळून गेलं, त्यालाच गाठून विचारते.

आईला सांग, साखरपुड्याला केक मी करीन.
लोभ आहेच. मोजून दाखवता येत नाही, नाहीतर तोही बादलीतून खाली सोडला असता.
तुझी
मार्लिसआत्या


हार्लन क्रीक
२१ सप्टेंबर

प्रिय मार्लिस,
स. न. वि. वि.

टोवाने तुझं पत्र जेवणाच्या टेबलावर टाकलं होतं. मी वाचलं. माझ्या घरातलं टेबल आहे, त्यावरचं सगळं मी वाचतो, दुधाच्या डब्यावरचंसुद्धा.

तुला एवढंच विचारायचंय की हे शहाणपण तुला जहाजावर कांदे चिरताना सुचतं की अंघोळ करताना? सोडून गेलेल्या मुलीचा नंबर म्हणे! उद्या एखादं गिऱ्हाईक माझ्या दुकानात येऊन म्हणालं की तुमची मशीन ज्यांच्या दारात बंद पडली त्यांचे पत्ते द्या, तर मी देईन का?

कोच केसलर ही फार सभ्य बाई आहे. मागच्या रविवारी तिने माझ्या गुडघ्याची चौकशी केली. तू माझ्या गुडघ्याची चौकशी कधी केली होतीस? पोरीला पूर्ण शिष्यवृत्ती मिळतेय, सगळ्या गावाला कळलंय, पाद्री लुंडने रविवारी प्रार्थनेत तिचं नाव घेतलं. आणि तिला सल्ला कोण देतंय, तर जी स्वतः तिसऱ्या वर्षी गाठोडं बांधून घरी आली ती! तुझं तुला जमलं नाही, ते झालं गेलं. पोरीच्या डोक्यात विष कालवू नकोस.

बाकी क्षेम. पाइपात पाणी गोठू नये म्हणून तुझ्या खोपटाचा नळ मी बंद करून आलोय. चावी नेहमीच्या जागी आहे.
राग आहे, लोभही आहे. दोन्ही एकाच पाकिटात पाठवतोय.
ऑरिन


हार्लन क्रीक
१ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ब्रॅन्सफर्डला जाऊन आले. रागावू नकोस, पण स्वर्ग आहे गं! पळायचे रस्ते लाकडाच्या भुशाचे, पायाखाली गादी असल्यासारखे. बर्फाच्या पाण्याचे तीन हौद. प्रत्येकीला सात जोड बूट. माझ्या नावाची पाटी आधीच कपाटावर लावलेली होती, आणि बाबांना एक जॅकेट मिळालं, जे ते आता अंगावेगळं करत नाहीत. आईने ते धुवायला मागितलं तर नाही म्हणाले.

सकाळी संघाबरोबर हलकं पळायचं होतं. हलकं! पाच मैल, आणि शेवटचा मैल तर मागे अस्वल लागल्यासारखा. मी कोणाचीही पाठ सोडली नाही. तिसरी आले. केसलरबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं की बघा, ही अजून शाळेत आहे. मला रडू आलं, आनंदाने.

तू सांगितलेलं सगळं केलं, म्हणजे बाबा जवळ नसताना केलं. जेवताना मुली हसत होत्या. बाई आल्यावर काटे खाली गेले खरे, पण तो आदरही असू शकतो. फोटो मोजले. २०१५ च्या फोटोत नव्या मुली चौदा, आणि आता चौथ्या वर्षाला तीन. १९८७ च्या फोटोत तू सापडलीस. काय ते केस, आत्या! घरटंच की! आणि अशी खदाखदा हसणारी तू मी कधी बघितलेलीच नाहीस. पुढच्या वर्षीच्या फोटोत तू नाहीस.

मग नंबर मागितला. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या की आमच्याकडून कोणी सोडून जात नाही, काही मुलींच्या आवडी बदलतात एवढंच. मग तू कशी आहेस ते विचारलं. तू त्यांच्याइतकीच पळायचीस, फक्त मनाने कच्ची होतीस, असं म्हणाल्या.

आता मी स्पष्टच विचारते. तुला त्यांचा हेवा तर वाटत नाही ना? त्या तिथे आहेत आणि तू अंडी तळतेस, म्हणून?

आल्यापासून डावी नडगी दुखतेय, आतल्या बाजूला, बोटाएवढ्या जागेत. बाबांना सांगू नकोस.
लोभ असू दे, या पत्रानंतरही.
टोवा


'एलिनॉर ब्रँट', लेक ईरी
८ ऑक्टोबर

चि. टोवास,
अनेक आशीर्वाद. या वेळी धपाटा नाही, हात भरून आलाय.

हेवा वाटतो. लिहून देते, हवं तर कप्तानाची सही आणि शिक्का घेते. सात जोड बूट ऐकून मला तर जेवण गेलं नाही. पण हेवा वाटणाऱ्या बाईला दिसत नाही असं कुठे असतं? उलट जरा जास्तच दिसतं.

तर चौदातल्या अकराजणींच्या आवडी बदलल्या. एकदम अकरा! बहुतेक विणकामाची लाट आली असेल.

आणि माझे आई, हलकं पळणं हलकं असतं. आदल्या दिवशीचा शीण जावा म्हणून असतं ते, बोलता बोलता पळायचं असतं. तू कोणाची पाठ सोडली नाहीस म्हणून तुला आनंद झाला. अगं, त्या मुली रोज एकमेकींची पाठ सोडत नाहीत! ज्या मुलीला हळू पळायची भीती वाटते तिचा कोच कसा आहे हे विचारावं लागत नाही. मलाही तुझ्यासारखाच आनंद झाला होता, म्हणून कळतं.

थट्टा पुरे. बोटाएवढ्या जागेत दुखतंय म्हणालीस ते मला अजिबात आवडलेलं नाही. स्नायू दुखला तर हातभर दुखतो. बोटाएवढं दुखणं हाडाचं असतं. आईला सांग, ती नर्स आहे, तिला डॉक्टर कुठे बसतात ते माहीत असेल. आज सांग. आणि जिन्यावरून उड्या मारत उतरणं बंद कर.

लोभ आहे, आणि आता त्यात काळजीची भर पडलीय.
आत्या


हार्लन क्रीक
१६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लेक कॅल्डर बघून आले. तिथे स्वर्ग वगैरे काही नाही. एक गंजकी व्हॅन आहे, तिचं मागचं दार दोरीने बांधतात. कोच प्रिबिल रसायनशास्त्र शिकवतात आणि स्वेटरला कोपराशी भोक आहे. मला म्हणाले की बूट काढ. मी काढले, तर त्यांनी बुटांचे तळ उलटे करून, चष्मा कपाळावर चढवून, पाच मिनिटं वाचले. मग मला दारापर्यंत चालायला सांगितलं आणि विचारलं की डावा पाय केव्हापासून दुखतोय. तुझ्याशिवाय मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं! आईलासुद्धा नाही. हो, माहीत आहे, तू सांगितलं होतंस.

मग म्हातारा म्हणाला की फोटो काढून हाड बघितल्याशिवाय एक पाऊल पळायचं नाही. २५ तारखेची विभागाची शर्यत नाही, ३ नोव्हेंबरची राज्याची पण नाही. मी म्हटलं की मी अजून तुमच्या संघात नाही. तर म्हणे, पाय तर तुझेच आहेत ना. मला एवढा संताप आला की त्यांनी दिलेलं सूप मी टाकून दिलं. (चांगलं होतं खरं तर.)

नंबर मागितला. त्यांनी खिशातली वही काढून लगेच लिहून दिला. डॅनियेल फुक्स, दोन वर्षांपूर्वी सोडून गेली. मी फोन केला आणि तिने चाळीस मिनिटं प्रिबिलना शिव्या घातल्या. हेकट, जुनाट, सारखं लोहाच्या गोळ्या घेतल्या का म्हणून विचारतो. पाय बरा झालाय असं ती ओरडून सांगत होती तरी सहा आठवडे बसवून ठेवलं, देशाची शर्यत हुकली, म्हणून तिने कॉलेजच बदललं. मी विचारलं की मग ते तुझाच नंबर का देतात. ती म्हणाली की दर सप्टेंबरला फोन करून विचारतो, देऊ का म्हणून. तिने बजावलंय की मी खरं तेच सांगीन, तर म्हणतो, तेच हवंय. शेवटी म्हणाली की दुखतंय म्हटलं तर तो ऐकतो, पण दुखत नाही म्हटलं तर ऐकत नाही, हाच त्याचा मोठा दोष.

घरी येऊन सांगून टाकलं. आई डॉक्टरची वेळ घ्यायला उठली. रविवारच होता तो, तेवढ्यात साडेबारा वाजले आणि फोन वाजला. केसलरबाई बाबांना म्हणाल्या की मोठ्या शर्यतीआधी सगळ्या चांगल्या मुलींचा पाय दुखतो. ती भीती असते, दुखणं नव्हे, आणि फोटोबिटो काढून पोरी उगाच घाबरतात. राज्याची शर्यत बघायला त्या स्वतः येणार आहेत. बाबांना पटलं. ते म्हणाले की आपल्या घराण्यात एकदा असं झालंय, पुन्हा नको. आई म्हणाली की घराणं तुमचं आहे, माझं नाही. आता दोघं बोलत नाहीत आणि मी मधे मीठ देत असते.

मी पळणार आहे, आत्या. हळूच ओरडते मी, उशीत तोंड घालून, पण पळणार आहे.
लोभ असावा. ओरडू नये.
टोवा


'एलिनॉर ब्रँट', डेट्रॉइट नदी
२३ ऑक्टोबर

ती. ऑरिनदादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याची चौकशी मी कधी करत नाही अशी तुझी तक्रार होती. कसा आहे गुडघा? झालं. आता माझ्या पायाची चौकशी कर. तीस वर्षं राहिलीय.

माझ्या वेळेलाही कोच रविवारीच फोन करायचे. आपल्या बाबांना. बाबाही दाढी करायचे, आठवतंय का? रोंडा त्या कोचकडूनच शिकली, हुशारच आहे ती. १९८८ च्या ऑक्टोबरात माझी नडगी बोटाएवढ्या जागेत दुखायला लागली. रोंडा रोज सकाळी तिला पट्टी बांधून द्यायची. कोच म्हणाले की मनाचे खेळ आहेत. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी वसतिगृहाच्या फोनवरून घरी फोन केला. तू उचललास. मी तुला म्हटलं की पाय फार दुखतोय, बाबांना सांग, त्यांनी कोचशी बोलावं, ते सांगतील तरच मला बसू देतील. मग मी त्या फोनखाली जमिनीवर बसून राहिले. बाबांचा फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी पळाले. चौथ्या किलोमीटरला हाड मोडलं. आवाज मला ऐकू आला, दादा. रोंडाला पण आला असणार, ती माझ्या शेजारी होती. ती पुढे गेली. तिला पुढे जायचंच होतं, शर्यत होती, तो राग मला कधीच नव्हता. पण कोचनी सगळ्यांना सांगितलं की मार्लिस मनाने खचली, आणि ती गप्प बसली. रोज पट्टी बांधणारी.

मी घरी आले. गावात सगळे म्हणाले की हॉगलंडांच्या पोरीला घरची आठवण यायची म्हणे. मी म्हटलं, असू दे. बाबांनी माझ्याऐवजी त्या माणसाचं ऐकलं, मग बाकीच्यांना काय समजावायचं? अकरा वर्षं त्यांच्याशी हवापाण्याच्या पलीकडे बोलले नाही. ते गेले तेव्हा मी शिकागोच्या खाली कुठेतरी पॅनकेक उलटत होते, आणि मला रडू आलं नाही, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

रोंडा चांगली की वाईट ते सोडून दे. कोण हरवतं, कोण जिंकवतं, तेही सोड. पोरगी दुखतंय म्हणाली तर तिच्या घरात तिचं ऐकलं जातं की फोनवरच्या बाईचं, एवढंच मला तुला विचारायचंय.

लोभ मागत नाही. हे पत्र शेवटपर्यंत वाच म्हणजे झालं.
मार्लिस


हार्लन क्रीक
४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल राज्याची शर्यत झाली. मी दोरीच्या बाहेर उभी होते, कुबड्या घेऊन, नाकातून पाणी गळत. थंडीने, असं समज.

विभागाची पळाले, चौथी आले, आणि गाडीपर्यंत आईने धरून नेलं. दोन दिवसांनी तुझं बाबांना लिहिलेलं पत्र आलं. त्यांनी ते ट्रकमध्ये बसून वाचलं. तासभर आतच होते, इंजिन बंद, खिडक्यांवर वाफ. मग आत आले, मला म्हणाले की कोट घाल, आणि थेट इस्पितळात. फोटो आला. हाडाला केसाएवढी चीर आहे. डॉक्टर म्हणाले की आणखी एक शर्यत पळाले असते तर दोन तुकडे झाले असते.

केसलरबाई शर्यतीला आल्या होत्या. त्यांनी मला मिठी मारली आणि बाबांना म्हणाल्या की काही बिघडलं नाही, आमचे डॉक्टर नाताळपर्यंत पळायला लावतील. शिष्यवृत्ती तशीच आहे, सही तेवढी करा. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग मीच सांगितलं की नको. कारण विचारलं तर म्हटलं की माझ्या आवडी बदलल्यात. आत्या, तू हवी होतीस तिथे!

प्रिबिलना फोन केला. खूश होतील वाटलं. म्हणाले की पुढच्या वसंतापर्यंत शर्यत नाही, आणि लोहाच्या गोळ्या घेतेस का. देवा! चार वर्षं हे ऐकायचंय. तिथे पळण्याचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे मला रसायनशास्त्रात मार्क पण पाडायचेत.

मनाने कच्ची असं त्यांनी तुला म्हटलं तेव्हा मी गप्प बसले होते. मला माफ कर.
लोभ ठेव, लागेल तितका मी परत करीन.
टोवा


हार्लन क्रीक
११ नोव्हेंबर

प्रिय मार्लिस,
स. न. वि. वि.

काल शिकारीला गेलो होतो. मचाणावर नऊ तास बसलो. एक हरिणी समोरून निवांत गेली, मी बंदूक उचललीच नाही. टोवाच्या आईला वाटतंय की मी आजारी आहे. कोच केसलरचा फोन आला होता. मी तिला म्हटलं की पोरगी सांगते तेच खरं, आणि पुन्हा फोन करू नका. जॅकेट चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकलं. चांगलं ऊबदार होतं.

आता जे लिहायचंय ते मी आठ दिवस लिहितोय आणि फाडतोय.

तू फोन केलास तो शुक्रवार होता. मी दुकानातून नुकताच आलो होतो. तू म्हणालीस तेच शब्द मला आठवतात, तुझा आवाज बारीक झाला होता. मी हो म्हटलं. सांगतो म्हटलं.

मी बाबांना सांगितलंच नाही, मार्लिस.

ते तळघरात होते, बारा पायऱ्या खाली. मला वाटलं, ते कोचला फोन करतील आणि तुला बसवतील. मी तोवर सगळ्या गावाला सांगून बसलो होतो की माझी बहीण देशाच्या शर्यतीत पळणार आहे. लोक दुकानात येऊन माझ्याशी हात मिळवायचे. माझ्याशी! मी पंचवीस वर्षांचा होतो, माझ्याशी कोणी कधी हात मिळवला नव्हता. मला वाटलं, एकच तर शर्यत आहे, पळेल.

तुला आणायला मीच आलो होतो. सात तास ट्रकमध्ये तुझा प्लास्टरचा पाय माझ्या मांडीला लागत होता आणि मी रेडिओ मोठा केला. घरची आठवण यायची म्हणे, हे गावात मीच पसरवलं. नंतर जितकी वर्षं गेली तितकं सांगणं अवघड झालं, आणि मग बाबाच गेले.

त्यांना कधीच कळलं नाही. तू त्यांच्याशी का बोलत नाहीस, असं ते मला विचारायचे. अगदी शेवटी इस्पितळातसुद्धा विचारलं. मी म्हणायचो की काय माहीत.

त्यांनी त्या माणसाचं ऐकलं नव्हतं. त्यांना फक्त तू काय म्हणालीस ते कोणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं जो राग त्यांच्यावर धरलास तो माझा आहे. त्यांच्यावरून काढ, आणि माझ्यावर ठेव.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितोय. तो नसला तरी मी समजेन.
ऑरिन